खिळ्यांच्या मागावर : बॉस्टन, न्यूबरीपोर्ट, हेवरील

आमचे वडील, दादा, साताऱ्यात एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ज्यांना खिळे म्हणत, ओळीने जुळवून मजकूर बांधायचे. छोट्या जाहिराती, लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रं असलं काम असेल तर ते कागदावर मजकूर उतरवून घ्यायचे नाहीत. गिऱ्हाईक तोंडाने सांगायचं आणि दादांच्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या धातूच्या छोट्या साच्यात, खिळे बसत जायचे. पुढे ऑफसेट आलं, डीटीपी आलं, आणि एके दिवशी छापखान्यातले सगळे खिळे किलोवर भंगारात गेले. दादांनी त्यांची स्टिक तेवढी घरी आणली. ती आता माझ्याकडे आहे.

भाची बॉस्टनजवळ मॉल्डनला राहते. तिने गेल्या वर्षी फोनवर सांगितलं, "मावशी, इथे एक संपादक होता, तो अग्रलेख लिहायचाच नाही. थेट खिळ्यांत जुळवायचा. आजोबांसारखा." विल्यम लॉइड गॅरिसनचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. मग वर्षभर मिळेल ते वाचलं. १ जानेवारी १८३१ रोजी त्याने बॉस्टनमध्ये 'लिबरेटर' हे साप्ताहिक काढलं. मागणी एकच होती: गुलामगिरी ताबडतोब संपवा, टप्प्याटप्प्याने नको. २९ डिसेंबर १८६५ ला त्याने ते स्वतः बंद केलं. पस्तीस वर्षांत १८२० अंक निघाले आणि खप कधीही तीन हजारांच्या आसपासच राहिला. एवढ्याशा पत्राने एवढा मोठा देश कसा हलवला, हे त्याच्या गल्ल्यांतून फिरून पाहायचं ठरवलं. ऑक्टोबरच्या मध्यात गेले. पिशवीत दादांची स्टिक आणि साताऱ्याचे कंदी पेढे होते.

पहिला दिवस, बुधवार : बीकन हिल

ऊन होतं, पण सावलीत गेलं की कानांना थंडी बोचायची. मॉल्डनहून ऑरेंज लाइन या मेट्रोने शहरात आलो आणि आधी पार्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या उंच मनोऱ्याच्या चर्चसमोर उभ्या राहिलो. ४ जुलै १८२९ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तेवीस वर्षांचा गॅरिसन इथे व्याख्यानाला उभा राहिला आणि त्याने देशाला त्याच्याच जाहीरनाम्याची आठवण करून दिली. सगळी माणसं समान जन्मतात म्हणता, मग ही वीस लाख माणसं कोण? चर्चच्या पायऱ्यांवर शाळेची मुलं डबे उघडून बसली होती. आम्हीही तिथेच बसून दशमी आणि लसणाची चटणी खाल्ली.

तिथून कॉमनच्या कडेने चढ चढून गेलं की सोनेरी घुमटाचं स्टेट हाउस लागतं. त्याच्यासमोर कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचं ब्राँझचं उठावचित्र आहे. मी तिथून हलेना, तेव्हा भाचीने हात ओढला. पण मला थांबायचंच होतं. गॅरिसन हा शस्त्र न धरणाऱ्यांतला होता. कुणावरही, अगदी मालकांवरही, हात उचलू नये असं त्याचं मत. आणि त्याचा थोरला मुलगा १८६३ मध्ये अशाच कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५५व्या पलटणीत अधिकारी म्हणून गेला. बापाने त्याला कळवलं की तू माझ्या मार्गाने गेला असतास तर मला जास्त आवडलं असतं, पण तुझ्या विवेकाच्या आड मी येणार नाही. त्या मुलाचं नाव जॉर्ज थॉम्प्सन गॅरिसन. हे नाव लक्षात ठेवा, उद्या त्याचा साताऱ्याशी संबंध लागतो.

जॉय स्ट्रीट ही अरुंद, विटांची, पाय घसरेल अशी उतरती गल्ली आहे. तिच्या पोटात आफ्रिकन मीटिंग हाउस उभं आहे. १८०६ मध्ये कृष्णवर्णीय कारागिरांच्या हातांनी बांधलं गेलं आणि अशा चर्चांच्या आज उभ्या असलेल्या इमारतींत देशातली सगळ्यांत जुनी हीच. आत बाक गोलाईत वळलेले, खिडक्या उंच, प्रकाश दुधासारखा. मार्गदर्शक बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी सांगितलं की न्यू इंग्लंड गुलामगिरीविरोधी संस्था याच इमारतीच्या तळघरातल्या शाळेच्या खोलीत स्थापन झाली. बाहेर वादळी पाऊस आणि बर्फ, आत मूठभर माणसं, आणि सह्या करणारे बारा जण. तारीख : ६ जानेवारी १८३२.

मी भाचीकडे पाहिलं. तिला कळलं नाही. "अगं, दर्पण!" मी म्हटलं. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण'चा पहिला अंक काढला तो याच दिवशी, म्हणून आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन पाळतो. एकाच तारखेला मुंबईत मराठी वृत्तपत्र जन्माला येत होतं आणि इथे या तळघरात बारा माणसं सह्या करत होती. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. बाईंना हे सांगितलं तर त्यांनी तारीख वहीत टिपून घेतली. मग त्यांना जोतीराव फुल्यांविषयी सांगितलं. १८७३ मध्ये आमच्या पुण्याच्या एका माणसाने 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केलं. बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या भल्या लोकांत कोण कोण धरायचं, हे तुम्ही नीट पाहून जा."

आणि त्यांनीच ते दाखवलं. 'लिबरेटर'चा पहिला अंक निघण्यापूर्वी फिलाडेल्फियाच्या जेम्स फोर्टन या कृष्णवर्णीय शिडं शिवणाऱ्या कारखानदाराने सत्तावीस वर्गणीदारांचे ५४ डॉलर पाठवले होते. वर्षाला दोन डॉलर वर्गणी. पहिल्या काही वर्षांत वर्गणीदारांतले चारांतले तीन कृष्णवर्णीय होते: न्हावी, खलाशी, धोबिणी, जुने कपडे विकणारे. त्यांच्या पैशांवर कागद आणि शाई आली. अग्रलेख गॅरिसनचा असला तरी पत्र त्यांनी जगवलं. हे मी वाचलं होतं, पण त्या गल्लीत उभं राहून ऐकताना वेगळं वाटलं. याच टेकडीवर राहणारी मरिया स्ट्युअर्ट, विधवा, मोलकरणीचं काम केलेली, १८३१ मध्ये आपलं हस्तलिखित घेऊन गॅरिसनच्या कचेरीत गेली आणि त्याने ते छापलं. पुढच्या वर्षी ती बॉस्टनमध्ये स्त्री-पुरुषांच्या मिश्र सभेत बोलायला उभी राहिली. सावित्रीबाईंच्या शाळेच्या सोळा वर्षं आधीची ही गोष्ट.

बाईंनी दुसरी बाजूही लपवली नाही. फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून पळून आलेला तरुण 'लिबरेटर' वाचूनच चळवळीत आला. पण १८४७ मध्ये त्याने स्वतःचं 'नॉर्थ स्टार' काढलं तेव्हा गॅरिसन दुखावला. पुढे मतभेद वाढले आणि गॅरिसनने आपल्या पत्रातून डग्लसच्या घरच्या गोष्टींवरही बोट ठेवलं. मला हे फार लागलं. ज्याला बोलायला हात दिला त्याने स्वतःचा आवाज शोधला तर त्यात दुखावण्यासारखं काय होतं? गॅरिसनला मी मनापासून मानते, पण ही त्याची चूकच होती.

निघताना बाईंना दोन पेढे दिले. त्यांनी एक खाल्ला, दुसरा रुमालात बांधून नातवासाठी ठेवला.

जाणाऱ्यांसाठी : बीकन हिलवर चाकाची बॅग नेऊ नका, आणि टाचेचे बूट तर नकोच. मीटिंग हाउस आणि शेजारची १८३५ची एबिएल स्मिथ शाळा मिळून एक संग्रहालय आहे. निदान दोन तास ठेवा. सुट्टीचे वार बदलतात, आधी पाहून जा.

दुसरा दिवस, गुरुवार : दोरी

रात्रीपासून पाऊस लागला होता. ऑरेंज लाइनवर स्टेट नावाचं स्टेशन आहे, ते ओल्ड स्टेट हाउसच्या थेट पोटात उघडतं. जिना चढून आलं की उंच काचेच्या इमारतींच्या मधोमध विटांची लहानशी जुनी इमारत दिसते, जणू कुणी तिथेच विसरून गेलंय. पर्यटक इथे १७७०चा ब्रिटिश शिपायांचा गोळीबार जिथे झाला ती जागा पाहायला येतात. मला १८३५ हवं होतं.

२१ ऑक्टोबर १८३५. बॉस्टनच्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेची बैठक इथून जवळच वॉशिंग्टन स्ट्रीटवर होती. तिथे इंग्लंडचा वक्ता जॉर्ज थॉम्प्सन बोलणार अशी आवई उठली आणि गावात पत्रकं वाटली गेली : थॉम्प्सनवर पहिला हात टाकणाऱ्याला शंभर डॉलर, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी त्याला डांबराच्या कढईपर्यंत नेता येईल. हे पत्रकही कुणीतरी खिळ्यांत जुळवलं होतं. एका वृत्तपत्राच्याच छापखान्यात. त्या कंपोझिटरचा विचार माझ्या मनातून दिवसभर गेला नाही. दादा म्हणायचे, खिळ्याला वाचता येत नाही.

हजारोंचा जमाव जमला, तोही साधासुधा नव्हे. चांगल्या कोटांतले व्यापारी, दलाल, ज्यांचा कापसाचा धंदा दक्षिणेत गुंतला होता असे. महापौर आत आले आणि त्यांनी स्त्रियांना घरी जायला विनवलं. मरिया वेस्टन चॅपमन नावाच्या बाई म्हणाल्या, हा जर स्वातंत्र्याचा शेवटचा बुरूज असेल तर आम्ही इथे मेलो काय आणि दुसरीकडे मेलो काय. शेवटी त्या निघाल्या, पण कशा? दोन दोन करून, गोऱ्या आणि काळ्या बायका हातात हात घालून, त्या शिव्या देणाऱ्या गर्दीतून. या एका दृश्यासाठी मी पुन्हा बॉस्टनला येईन.

थॉम्प्सन तिथे नव्हताच. मग गर्दीने गॅरिसनला शोधलं. तो मागच्या खिडकीतून उतरून सुताराच्या दुकानात लपला होता. त्याला पकडलं, दोरीने बांधलं आणि या इमारतीपर्यंत ओढत आणलं. अंगावरचे कपडे फाटले, चष्मा गेला. काही धट्ट्याकट्ट्या माणसांनी त्याला मध्ये घेऊन वाचवलं आणि महापौरांनी जीव राखण्यासाठी तुरुंगात पाठवलं. कोठडीच्या भिंतीवर त्याने लिहून ठेवलं की सगळी माणसं समान जन्मतात ही भयंकर शिकवण दिल्याबद्दल प्रतिष्ठितांच्या जमावापासून वाचवण्यासाठी मला इथे ठेवलं आहे. महिनाभर आधी त्याच्या घरासमोर कुणीतरी रात्रीत फाशीचा सांगाडा उभा केला होता. मला आगरकर आठवले. जिवंतपणी आपली प्रेतयात्रा पाहिलेला आपला संपादक.

आणि आता साताऱ्याची गोष्ट. त्यानंतर चार महिन्यांनी गॅरिसनला पहिला मुलगा झाला, त्याचं नाव त्याने या थॉम्प्सनवरून ठेवलं. थॉम्प्सन इंग्लंडला परतला आणि पुढे त्याने हिंदुस्थानच्या प्रश्नात लक्ष घातलं. १८३९ मध्ये कंपनी सरकारने आमच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं होतं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि पुढची तेरा-चौदा वर्षं तिथे झगडले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत साताऱ्याच्या राजासाठी उभे राहून ज्यांनी भाषणं केली, त्यांत हाच जॉर्ज थॉम्प्सन होता. बॉस्टनचा जमाव ज्याला डांबर फासायला निघाला होता, तोच माणूस.

रंगो बापूजींचं नाव आम्ही साताऱ्याची पोरं चार भिंती या हुतात्मा स्मारकावर सहलीला जायचो तेव्हापासून ऐकत आलो. त्या नावाचा धागा या पावसात भिजणाऱ्या चौकात येऊन मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. भाची म्हणाली, "मावशी, तू रडतेयस का?" पाऊसही होता. मी काही बोलले नाही.

दुपारी कचेरीची जागा शोधली. 'लिबरेटर' सुरू झालं ती मर्चंट्स हॉल इमारत १८७२च्या मोठ्या आगीत गेली. आता तिथे बँकांच्या इमारती आहेत. कॉफी घेऊन त्या कोपऱ्यावर थांबलो. गॅरिसन आणि त्याचा भागीदार आयझॅक नॅप कचेरीतच जमिनीवर झोपायचे, पाव आणि दुधावर राहायचे. खिळे विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून दुसऱ्याच्या छापखान्यात दिवसा काम करायचं आणि त्या बदल्यात रात्री त्याचे खिळे वापरायचे. पहिल्या अंकाच्या चारशे प्रती निघाल्या. दक्षिणेतून तक्रारी आल्या तेव्हा बॉस्टनच्या महापौरांनी चौकशी करवली. कळलं ते एवढंच, की एक अंधारी खोली, मदतीला एक काळा पोरगा आणि पाठीराखे म्हणजे काही किरकोळ माणसं. त्याच वर्षी जॉर्जियाच्या विधिमंडळाने या अंधाऱ्या खोलीतल्या माणसाला पकडून आणणाऱ्याला पाच हजार डॉलर लावले.

संध्याकाळी कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर त्याचा पुतळा पाहिला. १८८६ मध्ये बसवलेला. ऐसपैस खुर्चीत बसलेला म्हातारा गॅरिसन, खुर्चीखाली 'लिबरेटर'चे बांधीव खंड. बाजूला पहिल्या अंकातली त्याची ओळ कोरली आहे : मी तसूभरही मागे हटणार नाही, आणि माझं म्हणणं ऐकून घ्यावंच लागेल. पुतळा देखणा आहे. पण मला खुर्ची खटकली. कंपोझिटर बसत नाही. खिळ्यांच्या खणांची पेटी, म्हणजे केस, तिच्यासमोर उभं राहून राहून दादांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या होत्या.

जाणाऱ्यांसाठी : 'लिबरेटर'चे फर्मे, म्हणजे जुळवलेली पानं, ज्यावर बांधली जात ते मेज मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. मी न विचारता गेले आणि ते मला पाहता आलं नाही. तुम्ही आधी विचारून जा. ऑक्टोबरात छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा. समुद्राच्या वाऱ्याने माझी छत्री पहिल्याच कोपऱ्यावर उलटली.

तिसरा दिवस, शुक्रवार : न्यूबरीपोर्ट

नॉर्थ स्टेशनहून तासाभराची गाडी. खाडीची दलदल, तिच्यावर तांबूस पिवळं गवत, मध्येच लाल पेटलेलं मेपलचं झाड. पाऊस धुऊन गेला होता आणि आकाश इतकं निळं की डोळे दुखावेत.

मेरिमॅक नदी समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. हाय स्ट्रीटवर जहाजमालकांचे तीन मजली पांढरे वाडे रांगेने उभे आहेत. गॅरिसन जन्मला तो मात्र स्कूल स्ट्रीटवरच्या लहान लाकडी घरात, जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या अगदी शेजारी. १० डिसेंबर १८०५. घर खाजगी आहे, बाहेरूनच पाहायचं. बाप खलाशी. १८०७च्या व्यापारबंदीने जहाजं धक्क्याला लागली, काम गेलं, दारू आली, आणि एके दिवशी तो घर सोडून गेला तो परतला नाही. आई मोलमजुरी करायची, रात्री काकवीच्या गोळ्या करायची. छोटा गॅरिसन त्या विकायचा आणि पत्र्याचा डबा घेऊन हाय स्ट्रीटच्या वाड्यांतून उरलेलं अन्न आणायचा. मी त्या वाड्यांपासून स्कूल स्ट्रीटपर्यंत मुद्दाम चालत आले. फार अंतर नाही. पण उरलेल्या अन्नाचा डबा हातात असला की मुलाला ते किती लांब वाटत असेल.

तेराव्या वर्षी तो 'न्यूबरीपोर्ट हेरल्ड'च्या छापखान्यात उमेदवारीला लागला, सात वर्षांसाठी. केसपर्यंत हात पोचावा म्हणून त्याला खाली काहीतरी ठेवून उभं करावं लागे असं सांगतात. शाळा अशी झालीच नाही. भाषा, व्याकरण, राजकारण सगळं त्याने दुसऱ्यांचा मजकूर जुळवता जुळवता शिकून घेतलं. दादा चौथी शिकलेले. पण मुद्रितात ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मोठमोठे लेखक त्यांना येऊन विचारायचे. छापखाना ही गरिबाची शाळा असते, हे मी आमच्या घरात पाहिलं आहे.

दुपारी धक्क्यावर जेवलो. भाचीने माशाचं चावडर घेतलं, माझ्यासाठी भोपळ्याचं सूप आणि कडक पाव. मग एका बेकरीत सफरचंदाच्या रसातले गरम डोनट मिळाले, वर दालचिनी-साखर. आपल्या गुळाच्या गुलगुल्यांची सख्खी बहीणच. टेबलाशेजारी एक आजोबा एकटे बसले होते, आयुष्यभर मासेमारी केलेले. आम्ही कशाला आलोत हे ऐकून म्हणाले, "तुम्हाला फ्रान्सिस टॉडचं माहीत आहे का?"

माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकलं. गॅरिसन १८२९ मध्ये बॉल्टिमोरला बेंजामिन लंडीच्या पत्रात काम करत होता. तेव्हा त्याला कळलं की न्यूबरीपोर्टच्याच टॉड या जहाजमालकाचं जहाज गुलाम घेऊन न्यू ऑर्लिन्सला गेलं आहे. त्याने आपल्या गावच्या माणसाचं नाव घेऊन छापलं. बदनामीचा खटला झाला, ५० डॉलर आणि खर्च असा दंड झाला. भरायला पैसे कुठले? १८३० मध्ये ४९ दिवस तुरुंगात काढले. न्यूयॉर्कच्या आर्थर टॅपन या व्यापाऱ्याने पैसे भरून सोडवलं. आपल्याकडे १८८२ मध्ये टिळक-आगरकर कोल्हापूर प्रकरणात बदनामीसाठीच डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. सुटून गॅरिसन व्याख्यान द्यायला गावी आला तर त्याला चर्चचे दरवाजे बंद झाले. "आमचं गाव जहाजांवर जगत होतं," आजोबा म्हणाले. "आणि जहाजात काय आहे हे कुणी विचारत नव्हतं."

ब्राउन स्क्वेअरमधला पुतळा १८९३चा. इथे तो उभा आहे. तो मला जास्त आवडला.

जाणाऱ्यांसाठी : स्टेशनपासून गाव दीडेक मैल आहे, चालायचं नसेल तर टॅक्सी आधी सांगून ठेवा. परतीच्या गाड्यांमध्ये अंतर बरंच असतं. वेळापत्रक हातात ठेवा, आमची एक गाडी चुकली आणि वाऱ्यात तास गेला.

चौथा दिवस, शनिवार : हेवरील

या दिवसासाठी मी स्टिक आणली होती. हेवरीलला छपाईचं संग्रहालय आहे, आम्ही गेलो तेव्हा ते शनिवारी उघडं होतं. भाचीने गाडी काढली. वाटेत कवी व्हिटियरचं शेतघर लागलं. गॅरिसन विशीत स्वतःचं 'फ्री प्रेस' चालवत होता, तेव्हा या घरातल्या बहिणीने भावाची कविता त्याला न सांगता पाठवून दिली. गॅरिसनने ती छापली आणि पुढे स्वतः या शेतावर येऊन बापाला सांगितलं, पोराला शिकवा. दगडी कुंपण, ओढा आणि शांतता. पंधरा मिनिटं थांबलो.

संग्रहालयाच्या दारातच तो वास आला. रॉकेल, शाई, तेल, जुनं लाकूड. चाळीस वर्षांनी. मी भाचीचा हात धरला.

आत लोखंडी हातप्रेस, पायाने चालवायचं ट्रेडल, ओळच्या ओळ शिशात ओतणारं लायनोटाइप यंत्र, आणि उतरत्या मांडणीवर केसच केस. तिथे मदतीला असलेले गृहस्थ आयुष्यभर वृत्तपत्रांत लायनोटाइपवर बसलेले. मी पिशवीतून दादांची स्टिक काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डाव्या हातात धरली, अंगठा आत, जसा दादा धरायचे तसाच. स्टिकचा सरकता भाग, गुडघा, सरकवून पाहिला, कडेवर नख फिरवलं. म्हणाले, "याने पुष्कळ काम केलंय." हे त्यांचेच शब्द.

मग आम्ही दोघं तासभर बोललो, भाची मध्ये दुभाष्याला. इंग्रजीत दोन केसांत काम भागतं, वरची मोठ्या अक्षरांची, खालची लहान. मी त्यांना सांगितलं की आमच्या देवनागरीत अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा धरून शेकडो घरं लागतात, कंपोझिटर समोर आणि दोन्ही बाजूंना केस लावून उभा राहतो, आणि डिग्री टाइप असेल तर वेलांटी वेगळी जुळवावी लागते. ते ऐकत राहिले. मग त्यांनी गॅरिसनचं सांगितलं. शेवटच्या अंकाचा शेवटचा परिच्छेद त्याने स्वतः जुळवला. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली होती. भोवती छापखान्यातली माणसं गोळा झाली होती आणि तो खिळे उचलत होता, पस्तीस वर्षांपूर्वी उचलले तसेच.

मी त्यांना विचारलं, बंद करायला नको होतं असं नाही वाटत? डग्लस तेव्हा म्हणत होता की काळ्या माणसाला मत मिळेपर्यंत काम संपलेलं नाही. गॅरिसनच्या जवळचा मित्र वेंडेल फिलिप्सही त्याच मताचा होता आणि त्यावरून दोघांत अंतर पडलं. गृहस्थ म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर तीन वृत्तपत्रं बंद झाली. तिन्ही पैशांअभावी. काम झालं म्हणून बंद झालेलं मी एकही पाहिलं नाही." मला वाटतं डग्लसचं बरोबर होतं. पण ज्या माणसाने पस्तीस वर्षं ते पत्र चालवलं, त्याने शेवटचा खिळा स्वतःच्या हाताने बसवावा, याचा हेवाही वाटतो. दादांना तो बसवता आला नाही. एका सोमवारी ते कामावर गेले तर दाराला कुलूप होतं.

गृहस्थांनी एक केस पुढे ओढली. म्हणाले, तुमच्या वडिलांच्या स्टिकमध्ये काहीतरी जुळवा. मी सातारा जुळवलं, रोमन अक्षरांत, डावीकडून उजवीकडे, उलटं. हात थरथरत होते. त्यांनी पट्ट्या घालून ते प्रेसवर बांधलं, रूळ फिरवला, आणि मला दांडा ओढायला लावला.

उरलेले सगळे पेढे मी तिथे ठेवून आले.

पाचवा दिवस, रविवार : फॉरेस्ट हिल्स

ऑरेंज लाइनचं एक टोक मॉल्डनच्या बाजूला आणि दुसरं फॉरेस्ट हिल्सला. म्हणजे भाचीच्या घरून थेट गॅरिसनच्या समाधीपर्यंत एकच गाडी. दफनभूमी टेकड्यांवर पसरलेली आहे, मध्ये तळं. फाटकावर नकाशा मागून घ्या, नाहीतर शोधता शोधता दिवस जाईल. पानांचा सडा पडला होता, चालताना कुरकुर आवाज.

गॅरिसन २४ मे १८७९ ला न्यूयॉर्कमध्ये मुलीच्या घरी गेला. इथे पत्नी हेलनशेजारी त्याला ठेवलं. दगड साधा आहे. एक तरुण बाप दोन मुलींना घेऊन आला होता, धाकटी पानं गोळा करत होती. त्याने आम्हाला बघून मान हलवली, आम्हीही. कुणी काही बोललं नाही.

मी पर्समधून काल छापलेला कागद काढला. शाई अजून पुरती वाळली नव्हती, बोटाला लागली. भाचीने तो हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाली, "मावशी, यातला शेवटचा ए उलटा बसलाय."

खरंच बसला होता. दादांनी पाहिला असता तर स्टिक माझ्या हातात परत दिली असती आणि म्हणाले असते, सोड आणि पुन्हा बांध.